घसा बसला म्हणून बसून राहू नका



आपल्या वऱ्हाडात बैलानं एक पाय उचलून धरला तर घरधन्याच्या घशाखाली घास उतरत नाही. खुरात काटा आहे की सांध्याला मार लागला, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कपाशीचं पान लालसर दिसलं की ते खुडून खिशात घालतो आणि थेट कृषी केंद्र गाठतो. पण त्याच घरधन्याचा स्वतःचा आवाज बसला, तर एक महिना जातो, दोन महिने जातात. "बसला असंन वावरात बोंबलून. सुटन आपोआप," एवढ्यावर काम भागतं. घरातली बाई हळद घालून दूध देते, शेजारी ज्येष्ठमधाची कांडी देतो, कुणी अडुळशाचा काढा सांगतो. बहुतेक वेळा आवाज खरंच सुटतो, आणि खरी अडचण तीच आहे. दहा वेळा आपोआप सुटलेला आवाज अकराव्या वेळी का सुटत नाही, हे विचारायला आपण कुणाकडे जात नाही.

मी डॉक्टर नाही. दर्यापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून ३१ वर्षं शिकवलं, म्हणजे ३१ वर्षं आवाजावर भाकर खाल्ली. माझ्या मामांचा घसा गेला तो मी पाहिला, आणि पुढं माझ्याही घशावर पाळी आली. त्या निमित्तानं अकोला, अमरावती, नागपूरच्या डॉक्टरांना जे जे विचारलं आणि जे वाचलं, ते तुमच्यापुढं ठेवते.

आपला मुलूखच आवाजाचा आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचे गाडगेबाबा हजारोंच्या पुढं कीर्तन करत. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, ते आजही ऐकायला मिळतं. बाबा तेव्हा ८० वर्षांचे होते, आणि पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, गेले. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी हातात घेत तेव्हा सारा गाव लोटत असे. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेली भजनमंडळं आजही गावोगाव आहेत. महाराज १९६८ साली कर्करोगानं गेले, आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आज त्यांचंच नाव आहे. हे झाले थोरांचे आवाज. पण बाजार समितीत हर्रास बोलणारा, रात्री जागलीवर रोही आणि डुकरं हाकलणारा, बैलांच्या मागं दिवसभर हाकारे देणारा, बांधापलीकडून पोट्ट्याला हाक मारणारी माय, ही सगळी माणसंही आवाजावरच जगतात. त्याची गणती कुणी करत नाही, एवढंच.

हा आवाज निघतो कुठून? गळ्याच्या घाटीमागं, श्वासनळीच्या तोंडाशी, दोन लहानशा नाजूक घड्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. श्वास घेताना त्या उघडतात, बोलताना मिटतात, आणि फुप्फुसातून वर येणारी हवा त्यांना थरथरवते. साधं बोलताना पुरुषाचे तंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात, बाईचे दोनशेच्या आसपास. ओरडलं की त्याहूनही जास्त, आणि जोरानं. तंतूंच्या कडा गुळगुळीत आणि ओलसर असल्या तर आवाज स्वच्छ निघतो. कडेवर सूज, गाठ, फोड काहीही आलं की दोन तंतू नीट मिटत नाहीत, हवा मधून निसटते आणि आवाज घोगरा होतो.

आता यातली एक गोष्ट ध्यानात घ्या, ती मलाही पन्नाशी गाठेपर्यंत कुणी सांगितली नव्हती. आपण जे गिळतो ते स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. तिथं चुकून थेंब गेला तर जीव घाबरा होईपर्यंत ठसका लागतो. गुळण्यांचं पाणीही तिथवर पोचत नाही. म्हणजे काढा, गोळी, मध, ज्येष्ठमध हे घशाला बरं वाटायला ठीक आहेत, पण दुखणं जर तंतूवर असेल तर औषध एका रस्त्यानं जातं आणि रोग दुसऱ्या रस्त्यावर बसलेला असतो. तिथवर पोचते ती वाफ, आणि पोचतो तो बिडीचा धूर.

माझे मामा मूर्तिजापूरकडचे. सहा एकर कोरडवाहू, आणि गावच्या भजनमंडळाचे मुख्य गाणारे. मंडळात पेटी होती, तबला होता, पण मामांनी वरचा सूर धरला की पेटीवाला हात आखडता घेई. १९९१ च्या पोळ्याला त्यांचा आवाज बसला. ताप नाही, खोकला नाही, दुखणं तर मुळीच नाही. गावातल्या डॉक्टरांनी घशाला सूज म्हणून गोळ्या दिल्या, खोकल्याची बाटली दिली, दोन-तीनदा इंजेक्शन दिलं. दसरा गेला. दिवाळीत मामा भजनाला बसले, पण खंजिरीच वाजवली. मामी म्हणाली, "अवो, शहरात जाऊन दाखवा न एकडाव." मामा म्हणाले, "दुखत नाही त दाखवू काय? कापूस घरात येऊ दे, मंग पाहू." कापूस आला, तूर निघाली, हरभरा सोंगला. होळीच्या सुमारास त्यांना रात्री झोपताना श्वासाची घरघर सुरू झाली, तेव्हा मुलानं धरून नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी लहानसा आरसा घशात घालून पाहिलं, ते पाच मिनिटांचं काम. सात महिने गेले होते आणि त्या पाच मिनिटांपर्यंत घशात कुणीही पाहिलेलं नव्हतं. डावा तंतू गाठीनं भरला होता आणि जागचा हलत नव्हता. तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. मोठे डॉक्टर मामांना म्हणाले, "पोळ्याला आले असते तर नुसत्या शेकावर भागलं असतं. आवाजही राहिला असता." मामा बिडी ओढत. दिवसाला कट्टा, कधी दीड. विचारलं तेव्हा त्यांनी बोटांनी आकडा दाखवला, कारण तोवर आवाज फुटत नव्हता.

मामांचं पुढं काय झालं ते सांगते, पण आधी त्या आरशाची गोष्ट सांगायला हवी. तो आरसा कुण्या डॉक्टरच्या डोक्यातून निघालेला नाही. मान्युएल गार्सिया नावाचा एक स्पॅनिश गाणंमास्तर होता. जन्मभर गाणं शिकवलं, पण आवाज निघतो ती जागा जिवंत माणसात कशी दिसत असेल, याची त्याला तळमळ लागली होती. १८५४ साली त्यानं दाताच्या डॉक्टरचा लांब दांडीचा आरसा घेतला, तो स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर सूर्याचं ऊन पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू उघडताना-मिटताना पाहिले. पुढं हाच आरसा जगभरच्या डॉक्टरांनी उचलला. गार्सिया १०१ वर्षं जगला. मला ही गोष्ट फार आवडते. शेवटी ज्याचं पोट आवाजावर, त्यालाच आवाजाचं घर पाहावंसं वाटलं.

आजही तपासणी जवळपास तशीच होते. डॉक्टर तुमची जीभ कापडाच्या घडीत धरून पुढं ओढतात, आरसा किंचित गरम करतात म्हणजे श्वासाची वाफ त्यावर धरत नाही, तो पडजिभेशी टेकवतात आणि म्हणतात, "ई म्हणा." थोडी कोरडी ओकारी येते, दुसरं काही नाही. ज्याला ती सहन होत नाही, किंवा खर्रा खाऊन खाऊन ज्याचं तोंडच उघडत नाही, त्याच्या नाकातून बारीक लवचीक नळी घालतात. तिच्या टोकाशी दिवा असतो, आणि पडद्यावर दोन पांढरे तंतू हलताना तुम्हालाही दिसतात. मोठ्या ठिकाणी चमकत्या उजेडाचं यंत्र असतं. सिनेमात गाडीचं चाक हळू फिरताना दिसतं ना, तशी त्या उजेडात तंतूंची थरथर संथ दिसते आणि कडेचा लहानसा दोषही पकडता येतो.

तपासणीच्या आधी डॉक्टर प्रश्न विचारतात. आपल्याला वाटतं, हे काय गप्पा मारत बसले! पण अर्धं निदान तिथंच होतं. आवाज सकाळी जास्त खराब असतो की संध्याकाळी? दिवसभर बोलून संध्याकाळी बसत असेल तर ते आवाजाच्या ओढाताणीचं लक्षण. उठल्याबरोबर खराब असेल, तोंडात आंबट येत असेल, सारखं खाकरावंसं वाटत असेल, तर बहुधा पोटातलं पित्त रात्री वर चढून घसा पोळतं आहे. हे दुसरं आपल्याकडं फार. ओलिताच्या दिवसांत लाईट रात्रीची, माणूस मोटर चालू करायला वावरात जातो, अकरा-बाराला येऊन झुणका-भाकर आणि ठेचा खातो आणि लगेच आडवा होतो. त्याला घशाच्या औषधापेक्षा एवढंच सांगायचं असतं की जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ दे, आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा ठेव. लागलं तर पित्ताची गोळी डॉक्टर देतात.

वजन वाढतं, थंडी सोसत नाही, अंगात आळस आणि आवाज जड, असं बाईला झालं तर गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीसाठी रक्त तपासतात. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं आणि बोलताना दुखणं असेल तर क्षयाची शंका घेतात. क्षय घशातही उतरतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि पूर्ण घेतली तर रोग बरा होतो.

कधी आवाजासाठी गेलेल्या माणसाला डॉक्टर छातीचा फोटो काढायला सांगतात. लोक चिडतात. एकदा दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारा माझ्याशेजारी पुटपुटत होता, "घसा दाखवाले आलो, अन् हे छाती काढून रायले." पण त्यालाही कारण आहे. डाव्या तंतूला हलवणारी मज्जातंतूची दोरी मेंदूकडून निघते ती गळ्यात न थांबता छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्यात येते. त्या वाटेवर छातीत कुठं गाठ असली तर दोरी दबते, तंतू लुळा पडतो आणि दुखणं छातीत असून बसतो मात्र आवाज. त्या बाबांना मी हे समजावून सांगितलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण फोटो काढायला गेले खरे.

माझी पाळी २००४ साली आली. दोन वर्ग एका खोलीत, साठ-सत्तर मुलं, वर पत्र्याचं छप्पर, त्यावर पाऊस. त्या आवाजावर आवाज काढून शिकवायचं. श्रावणात आवाज फाटायला लागला, संध्याकाळी तर नुसती हवा निघे. मामांचं पाहिलेलं होतं, म्हणून तिसरा आठवडा लागताच अकोला गाठलं. आरशात दिसलं की दोन्ही तंतूंच्या कडेवर समोरासमोर दोन बारीक गाठी आहेत. माझा चेहरा पडलेला पाहून डॉक्टर म्हणाले, "बाई, डवऱ्याच्या मुठीनं हाताला घट्टे पडतात ना? तसे हे आवाजाचे घट्टे आहेत. तंतू जिथं सर्वांत जास्त आपटतात तिथंच येतात. मास्तर, गायक, भाजीवाले, सगळ्यांना होतात. हा कर्करोग नाही, आणि याचा कर्करोग होतही नाही."

चाकू लागला नाही. त्यांनी मला स्पीच थेरपिस्टकडं, म्हणजे वाणीचे उपचार करणाऱ्या बाईंकडं पाठवलं. शिकून आलेली पोरगीच होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं मला, एका मास्तरणीला, बोलायला शिकवलं! छाती फुगवून नाही तर पोटातून श्वास घ्या. एका श्वासात चार शब्द कमी बोला. खाकरू नका, खाकरणं म्हणजे तंतू तंतूवर घासणं. त्याऐवजी घोटभर पाणी प्या. आणि कुजबुजू नका. हे मला नवीन होतं. आवाज बसला की आपण कुजबुजतो, वाटतं आराम मिळेल. पण जोर लावून कुजबुजल्यानं तंतूंवर उलट ताण येतो. बोलायचं तर हळू, साध्या आवाजात, नाहीतर गप्प. वर्गात मी घंटी ठेवली, टाळी ठेवली, फळा ओल्या फडक्यानं पुसायला लागले. पाण्याची बाटली टेबलावर आली. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचं पाणी खारट, त्यामुळं घोट घोट पाणी पिण्याची सवयच आम्हा जुन्या माणसांना नाही. ती मुद्दाम लावून घ्यावी लागली. चार महिन्यांनी पुन्हा आरसा घातला तेव्हा गाठी विरल्या होत्या. शाळेतली मुलं म्हणत, बाई आता ओरडत नाहीत, पण भीती जास्त वाटते.

याच थेरपिस्टकडं मी नंतर एका मुलाला पाठवलं. एकोणीस वर्षांचा, मिशा फुटलेल्या, अंगानं धडधाकट, पण आवाज बारीक, पोरीसारखा. गावातली पोट्टी त्याला काय काय म्हणत ते इथं लिहीत नाही. तो दुकानात जाऊन बोटानं वस्तू दाखवायचा, फोन उचलायचा नाही. आईनं नवस केले होते. तपासलं तर घसा ठणठणीत! वयात येताना स्वरयंत्र वाढतं तेव्हा काही मुलं जुन्याच पट्टीत बोलत राहतात आणि तीच सवय जडते. त्या बाईंनी त्याच्या घाटीवर बोट ठेवून हलकेच खाली दाबलं, खोकायला लावलं, मग तोच सूर धरून 'आ' म्हणायला लावलं. पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडून पुरुषी आवाज निघाला आणि तो स्वतःच दचकला. चार-पाच खेपांत आवाज पक्का झाला. अशी मुलं आपल्या प्रत्येक तालुक्यात असतील, आणि कितीतरी जणांना हे बरं होतं याची वार्ताही नसेल.

आमच्या नात्यातल्या एका सुनेचा आवाज वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एकदम गेला. ओठ हलत, नुसती कुजबुज निघे. बाहेरचं आहे म्हणून घरच्यांनी दोन अमावस्या काढल्या. अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला फक्त खोकायला सांगितलं. खोकला खणखणीत निघाला! म्हणजे तंतू मिटतात, आवाज निघू शकतो, दुःखानं बोलण्याची वाट अडली आहे. आरशानं खात्री करून घेतली, तिला समजून घेतलं, रागावलं कुणी नाही. आठ-दहा दिवसांत ती बोलू लागली. ती ढोंग करत होती असं ज्यांना वाटतं, त्यांना मी सांगू इच्छिते की ते ढोंग नव्हतं.

आता तंबाखूचं बोलते. आपल्याकडं पानठेल्यावर खर्रा घोटतात, सुपारी, तंबाखू आणि चुना. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पन्नीत घोटून सर्रास मिळतो. खर्ऱ्यानं आधी तोंड धरतं. गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची मधली तीन बोटं उभी धरून दातांत घालून पाहा. जात नसतील तर डॉक्टर गाठा. बिडी-सिगारेटचा धूर मात्र थेट स्वरतंतूंवरून जातो, रोज, वर्षानुवर्षं. स्वरयंत्राच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण तोच. सोबत दारू असेल तर धोका नुसता बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो.

तरीही या कर्करोगाची एक गोष्ट इतरांपेक्षा बरी आहे. फुप्फुसातली किंवा पोटातली गाठ मोठी होईपर्यंत कळत नाही. स्वरतंतूवरची गाठ अगदी लहान असतानाच आवाज बिघडवते, म्हणजे चोर घरात शिरताच कुत्रं भुंकतं. अशा पहिल्या टप्प्यात सापडला तर दहापैकी आठ-नऊ माणसं बरी होतात, आणि तीही बहुधा आवाजासकट. पाच ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस शेक देतात, किंवा तोंडातूनच दुर्बिणीनं, लेसरनं तेवढी जागा काढतात. गळा कापावा लागत नाही.

तुकडा काढला की रोग भडकतो, ही समजूत गावोगाव आहे. ती खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय गाठ कसली हे ठरत नाही, आणि एकदा तपासून भागलं नाही तर पुन्हा तपासावं लागतं. जर्मनीच्या राजपुत्राचं असंच झालं होतं. फ्रेडरिक त्याचं नाव. १८८७ च्या जानेवारीत आवाज बसला. त्या काळचे युरोपातले नामांकित डॉक्टर त्याच्याभोवती होते. तुकडा काढला, त्यात कर्करोग दिसला नाही, म्हणून थांबले. नोव्हेंबरमध्ये कर्करोग उघड झाला. १८८८ च्या मार्चमध्ये तो बादशहा झाला तेव्हा त्याच्या गळ्याला भोक पाडलेलं होतं आणि तो कागदावर लिहून हुकूम देत होता. ९९ दिवसांत गेला. राजाच्या घरी हे झालं, तर आवाज सुधारत नसेल तेव्हा आपणही पुन्हा तपासणी मागायला संकोच करू नये.

मामांचा टप्पा पुढचा होता. त्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. खर्चासाठी दोन एकर विकलं. या शस्त्रक्रियेनंतर माणूस नाकातोंडातून श्वास घेत नाही, गळ्याच्या खालच्या बाजूला पाडलेल्या भोकातून घेतो. जेवण पूर्वीसारखं गिळता येतं, पण फुंकर मारता येत नाही, वास फारसा येत नाही. छातीत श्वास कोंडून धरता येत नाही, म्हणून कापसाचं गाठोडं उचलताना जोर लागत नाही. नदीत उतरायचं नाही. तुरीच्या खळ्यावर धूळ उडते तेव्हा गळ्यावर ओलं फडकं. मामी रोज दोन पांढऱ्या रुमालांच्या घड्या करून ठेवी.

पहिलं वर्ष मामा पाटीवर लिहीत. मग नागपूरच्या फेऱ्यांत त्यांना अन्ननलिकेत हवा घेऊन ढेकरेसारखी वर आणून तिच्यावर शब्द बसवायला शिकवलं. सहा-सात महिने लागले. तो आवाज जाडाभरडा, तुटक, पण आवाज होता. पहिला शब्द त्यांनी मामीच्या नावाचा काढला. आम्ही तोवर त्यांना कधी मामीचं नाव घेताना ऐकलं नव्हतं! त्यानंतर ते १८ वर्षं जगले, शेती केली, भजनात खंजिरी वाजवली. गायले मात्र नाहीत.

आता याहून सोपी सोय आहे. श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्यामध्ये सिलिकॉनची एक लहान झडप बसवतात आणि बोटानं गळ्याचं भोक झाकून माणूस बोलतो. बाहेरदेशी झडप महाग पडते आणि ती बदलत राहावी लागते. बंगळूरचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी २०१५ च्या सुमारास सुमारे ५० रुपयांत पडेल अशी झडप तयार केली, तिचं नाव 'ओम'. नागपूरला जाल तेव्हा झडपेबद्दल विचारायला विसरू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, शेत विकायच्या आधी त्याला भेटा.

तर हिशेब असा ठेवा. सर्दी-पडशानं, भजनानं, ओरडण्यानं बसलेला आवाज विश्रांतीनं, वाफेनं, पाण्यानं एक-दोन आठवड्यांत सुटायला हवा. तीन आठवडे झाले आणि सुटला नाही, तर स्वरतंतू पाहून घ्यायचे. दुखत नसलं तरी. आणि पुढची लक्षणं असतील तर तीन आठवडेही थांबायचं नाही: श्वासाला घरघर, थुंकीत रक्त, घास अडकणं, मानेत गाठ, घशासोबत एकाच कानात ठणका, वजन उतरणं. लहान मुलाचा आवाज एकदम बसून त्याला दम लागला तर त्याच घटकेला दवाखाना. हरभऱ्याचा दाणा किंवा शेंगदाणा श्वासनळीत गेलेला असू शकतो.

अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय आहे. अमरावतीला इर्विन आहे, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही. कान-नाक-घसा विभागाचा केसपेपर काढायचा आणि सरळ म्हणायचं, "आवाज इतक्या दिवसांपासून बसला आहे, स्वरतंतू पाहून द्या." सकाळी भरपेट जेवून जाऊ नका, आरसा घातला की ओकारी येते. बिड्या किती, खर्रे किती, दारू किती, हे खरं सांगा. डॉक्टर काही सोयरीक जुळवायला बसलेले नाहीत. आधीची औषधं, एक्सरे, चिठ्ठ्या पिशवीत घाला. आणि तंतू कसे दिसले ते केसपेपरवर लिहून मागा. तो कागद रेशनकार्डासोबत ठेवा, पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतात.